घरच्या अंगणात पिकअपचं ऑइल बदलणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की गोव्यात हे प्रश्न वाढतात, आणि चतुर्थीच्या तोंडावर पुन्हा एकदा. विचारणारे बहुतेक स्वतःची एकच पिकअप चालवणारे. कोणी चोर्ला घाटातून बेळगावची भाजी आणतो, कोणी मालीम जेटीवरून मासळी उचलतो, कोणी कुळागरातले (बागायतीतले) नारळ-सुपारी स्वतःच म्हापशाला नेतो. बोल्ट सोडून तेल काढणं कोणालाच अवघड वाटत नाही. अडतं ते सांडण्यापाशी, म्हणून उत्तरांत भरही तिथेच दिला आहे. सोपे प्रश्न आधी आणि नडणारे शेवटी ठेवलेत. तीच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरी ऑइल बदलून खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण वाटतात तेवढे नाहीत. ऑइल आणि फिल्टर विकत घ्यावेच लागतात, वाचते ती फक्त मजुरी. खरा फायदा वेगळा आहे. गाडीचा खाडा पडत नाही, रविवारी दुपारी काम उरकतं आणि कोणत्या कॅनमधलं तेल आत गेलं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. खाली शिरल्यावर पाझरणारं सील किंवा गंजलेला सायलेन्सरही नजरेला पडतो, हा वरचा नफा. मात्र वर्षातून एकदाच बदलणार असाल आणि जुनं तेल कुठे द्यायचं हेच ठरलेलं नसेल (प्रश्न १२), तर गॅरेज बरं.

२. किती किलोमीटरला बदलायचं? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कारण प्रत्येकाची गाडी वेगळी. जुन्या डिझेल पिकअपना ५,००० ते १०,००० किलोमीटर, नव्यांना त्याहून बरंच जास्त अंतर दिलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच पाहा. तिथे किलोमीटरसोबत महिनेही लिहिलेले असतात, त्यातलं जे आधी येईल ते धरायचं. पूर्ण भार घेऊन घाट चढणं, खाणपट्ट्यातली धूळ, गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या हा सगळा 'कठीण वापर'. त्याचं वेळापत्रक मॅन्युअलमध्ये वेगळं असतं, आणि ते पान सहसा कोणी उघडत नाही.

३. सामान काय काय जमवावं?

ड्रेन बोल्टच्या (जुनं तेल सोडायच्या बोल्टच्या) मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना, फिल्टरचा पट्टा-पाना, नवा फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वायसर, नरसाळं, रबरी हातमोजे, जुनी सुती फडकी, मोठा पुठ्ठा आणि एक पसरट टब. टब गाडीत मावणाऱ्या ऑइलच्या दीडपट तरी असावा. सहा लिटरला सहा लिटरचाच टब घेतलात, तर तो काठोकाठ भरेल आणि बाहेर ओढताना सांडेल. कडेला ओतायची चोच असलेला मिळाला तर उत्तम. घरातली परात किंवा टोप मागू नका. एकदा त्यात इंजिन ऑइल पडलं की ते भांडं स्वयंपाकघरात परत नेता येत नाही.

उघडा पाना किंवा ॲडजस्टेबल पाना बोल्टला लावू नका. डोकं गोल झालं की पुढचं सगळं काम वेल्डिंगवाल्याच्या हातात जातं.

४. कोणतं ऑइल आणि किती लिटर?

आकाराने लहान मिनी ट्रकला कमी, अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाला साधारण सहा-सात लिटर, एवढाच ढोबळ अंदाज. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि तो 'फिल्टरसह' व 'फिल्टरशिवाय' असा दोन प्रकारे दिलेला असतो. फिल्टर बदलताय तर पहिला आकडा.

ग्रेडच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची. गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि त्यानंतरच्या बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ बसवलेला असतो. साध्या ऑइलमधल्या रसायनांची राख त्या जाळीत साचत जाते आणि काजळीसारखी ती जळून जात नाही. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. वर्षानुवर्षं बोलेरोत घातलेलं १५डब्ल्यू४० ग्रेडचं ऑइल नव्या गाडीत डोळे मिटून ओतू नका. दुकानदार 'डिझेलचं आहे, चालतं सगळ्यांना' म्हणाला तरी कॅनवरचे बारीक अक्षरांतले कोड मॅन्युअलशी ताडून पाहा. सीएनजीवर चालणाऱ्या पिकअपचं ऑइल वेगळं.

५. गाडी जॅकवर चढवावी लागते का? चिऱ्यांवर उभी केली तर?

पहिली गोष्ट, बहुतेक पिकअपना जॅक लागतच नाही. जमिनीपासून उंची पुरेशी असते, पुठ्ठा अंथरून पाठीवर सरकत गेलं की चेंबरपर्यंत (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीपर्यंत) हात पोचतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढे-मागे ओट (अडकण) आणि चावी तुमच्या खिशात. चावी डॅशबोर्डवर राहिली तर घरातलं कोणीतरी 'जरा बाजूला घेतो' म्हणून स्टार्टर मारतं.

चिऱ्यांचं उत्तर ठाम नाही असं आहे. आपल्याकडे प्रत्येक घराच्या मागे चार चिरे रचलेले असतात आणि ते दगड म्हणून भक्कम वाटतात. पण चिरा म्हणजे जांभा, आणि तो आतून सच्छिद्र असतो. भिंतीत सारखा भार पेलतो, जॅकच्या किंवा ॲक्सलच्या एका टोकाखाली आला की सूचना न देता फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. गाडी उचलायचीच असेल तर लोखंडी स्टँड घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

पुढची चाकं लाकडी फळ्यांच्या उतारावर चढवून काम करणारे बरेच आहेत. ते चालतं, पण चेंबरचा बोल्ट मागच्या बाजूला आहे ना, ते पाहा. बोल्ट पुढे असेल तर नाक वर केल्यावर तळाला थोडं तेल राहूनच जातं.

६. ऑइल गरम असताना काढावं की थंड?

कोमट. पाच-दहा मिनिटं गाडी फिरवून आणा, मग पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा. गार तेल हळू गळतं आणि गाळ तळाशी सोडून येतं. नुकत्याच घाट चढून आलेल्या गाडीचं तेल हात भाजून काढतं. शिवाय फार गरम तेल पाण्यासारखं पातळ होऊन उडतं, म्हणजे सांडणंही जास्त.

७. बोल्ट सुटला की पहिली धार नेहमी टबाबाहेर जाते. काय चुकतं?

टब बोल्टच्या बरोबर खाली ठेवला जातो, हे चुकतं. बहुतेक चेंबरांत बोल्ट आडवा बसवलेला असतो. आत सहा लिटर तेलाचा दाब असताना पहिली धार आडवी झेप घेते, वीत-दीड वीत लांब पडते. पातळी उतरली की तीच धार मागे सरकत सरकत शेवटी चेंबरच्या अंगावरून ओघळते. म्हणून टब सुरुवातीला बोल्टच्या तोंडाच्या दिशेने पुढे ठेवायचा आणि धार ढिली पडली की पायाने किंवा काठीने मागे ओढायचा.

बोल्ट पान्याने फक्त ढिला करायचा, बाकी हाताने. शेवटचे आटे सुटताना बोल्ट आत दाबून धरायचा आणि फिरवत राहायचं. तो पूर्ण सुटलाय हे बोटांना कळतं. मग एका झटक्यात बाजूला ओढायचा, तोही धारेच्या वरच्या अंगाने. कोपर बोल्टच्या खाली असेल तर तेल मनगटावरून थेट काखेपर्यंत येतं. कोपर बाजूला ठेवा.

समुद्राकडच्या गावांत दुपारनंतर वारा सुटतो आणि बारीक होत आलेली धार फरफटत नेतो. गाडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला एक पुठ्ठा उभा लावला की झालं. धारेच्या वाटेत लोखंडी पट्टी किंवा ॲक्सल येत असेल तर रिकाम्या ऑइल कॅनची एक बाजू कापून तिचा पन्हळ करा आणि धार तिच्यावरून टबात सोडा. खालचा प्लास्टिकचा गार्ड असलेल्या गाडीत तो आधी काढा. गार्डच्या भोकातून तेल काढायला गेलात तर अर्धा पेला तेल त्याच्यात साचतं आणि पुढचे आठ दिवस घरासमोर ठिपके पडत राहतात. मग 'बोल्ट गळतोय' म्हणून तुम्ही तो आणखी आवळता, आणि त्यातून प्रश्न ९ उभा राहतो.

८. फिल्टर काढताना तर सांडतंच. त्याला काही इलाज?

आहे. चेंबर रिकामं झाल्यावर बोल्ट परत लावून टाका, म्हणजे टब मोकळा होतो. आता फिल्टर पट्ट्याने फक्त पाव फेरा ढिला करा. त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी खालून वर चढवा, अगदी बुडापर्यंत, आणि पिशवीतूनच हाताने फिरवून काढा. गळणारं सगळं पिशवीत. तोंड वर करून फिल्टर बाहेर आणा.

आडव्या किंवा तिरक्या बसवलेल्या फिल्टरला पिशवीखाली कापलेल्या कॅनचा पन्हळही लावा. फिल्टर वरून उघडणाऱ्या डब्यात कागदी असेल, तर डब्याचं झाकण सैल करून काही मिनिटं थांबा. तेल आपोआप खाली उतरतं आणि मग कोरडा कागद हातात येतो.

पट्टा-पाना नाही म्हणून फिल्टरच्या पोटातून स्क्रू ड्रायव्हर आरपार घालून पिळायची एक जुनी पद्धत आहे. पत्रा फाटतो, तेल चहूकडे जातं आणि फिल्टर तिथेच राहतो. पट्टा-पाना विकत घ्या.

जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, हे बोट फिरवून बघा. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि नव्या फिल्टरची रिंग तिच्यावर बसली, तर गाडी सुरू होताच तेलाचा फवारा उडतो. नव्या रिंगला बोटाने नवं तेल लावा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग साधारण पाऊण फेरा. नेमका आकडा फिल्टरच्या अंगावर छापलेला असतो. आवळायला पाना वापरू नका.

९. ड्रेन बोल्ट किती घट्ट करायचा?

मॅन्युअलमध्ये आकडा आहे आणि टॉर्क पाना असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर आखूड पाना घ्या, बोल्ट हाताने पूर्ण बसवा, टेकल्यावर मनगटाच्या जोराने आवळा आणि थांबा. पान्याला पाइप लावून, खांद्याचा जोर लावून कधीच नाही. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की चेंबर उतरवावं लागतं. गळती थांबते ती वायसरमुळे. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही, म्हणून दर वेळी नवा.

१०. नवं ऑइल ओतताना इंजिनावर सांडतं, आणि डिपस्टिक दर वेळी वेगळी पातळी दाखवते.

कॅन आडवा धरून ओता, म्हणजे तोंड वरच्या अंगाला राहतं, आत हवा शिरत राहते आणि गटांगळ्या न खाता सरळ धार पडते. नरसाळ्याच्या गळ्याला फडकं गुंडाळा.

सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. इंजिन सुरू करा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात लावू नका. टर्बोच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचायला क्षण लागतात. मिनिटभर चालवून बंद करा, खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर पाहा. दहा मिनिटं थांबून डिपस्टिक पुसा, घाला, काढा. लगेच पाहिलंत तर तेल अजून वरून खाली उतरतच असतं, म्हणून पातळी बदलत राहते. वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरच्या आसपास फरक असतो, त्या अंदाजाने थोडं थोडं घाला.

वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. जादा तेल क्रँकच्या घुसळणीत फेसाळतं, आणि डिझेल इंजिनात ते हवेच्या वाटेने आत ओढलं गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

११. कालच ऑइल बदललं आणि आज काळं. फसवलं का?

डिझेल असेल तर नाही. आत उरलेलं थोडं जुनं तेल आणि काजळी नव्या तेलाला काही तासांत काळं करतात. ती काजळी धरून ठेवणं हे ऑइलचंच काम आहे. सीएनजी किंवा पेट्रोलच्या गाडीत तेल बराच काळ मधाच्या रंगाचं राहतं, तिथे एका दिवसात काळं झालं तर मात्र विचारा.

नकली तेलाची भीती खरी आहे, पण ती रंगावरून ओळखता येत नाही. सील, छपाई, बॅच क्रमांक पाहा, पक्कं बिल घ्या. आणि रिकामा कॅन भंगारात देण्याआधी त्याला सुरीने भोक पाडा. चांगले, स्वच्छ रिकामे कॅन विकत घेणारे ते कशासाठी घेतात, हे सांगायला नको.

१२. जुन्या ऑइलचं काय करायचं? खरं तर अडतं ते इथेच.

हे आधी ठरवा आणि मगच बोल्टला हात लावा. वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत येतं आणि ते नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही त्यांच्या मालाच्या प्रमाणात वापरलेलं तेल परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी आली आहे. तुमच्या पातळीवर याचा अर्थ सोपा आहे. थंड झालेलं तेल गळकं नसलेल्या कॅनमध्ये भरा, वर 'जुनं ऑइल' लिहा आणि ज्याच्याकडून ते उचलायला अधिकृत गाडी येते अशा गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या. नवं ऑइल घेतानाच विचारून ठेवा. नेहमीच्या गिऱ्हाइकाला सहसा नाही म्हणत नाहीत. कुठेच सोय लागली नाही तर साळगावच्या राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत उचल करणाऱ्यांची चौकशी करा.

कॅन ठेवा सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा, आणि पाण्याच्या बाटलीत चुकूनही भरू नका. त्यात डिझेल, कूलंट, ब्रेक ऑइल मिसळू नका. भेसळ झालेलं तेल कोणी घेत नाही.

फिल्टरही याच वाटेचा. तोंड खाली करून रात्रभर टबावर निथळत ठेवा, बरंच तेल निघतं, मग पिशवीत बांधून तेलासोबतच द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीत तो जात नाही.

१३. आमच्याकडे जुनं ऑइल वाशांना आणि कुंपणाच्या खांबांना लावतात, वाळवी लागत नाही म्हणून. त्यात वाईट काय?

पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे खरं. पण इंजिनातून निघालेल्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि जळालेल्या इंधनाचे अंश असतात, आणि ते कातडीला वारंवार लागणं आरोग्याला घातक आहे. खांबाला लावलेलं तेल पहिल्या पावसातच जमिनीत उतरायला लागतं. गोव्याची लाल माती पाणी झरझर मुरवते, आणि पाचपन्नास पावलांवर कोणाची तरी बांय (विहीर) असते. वाळवीला त्यासाठीचं औषध मिळतं, ते वापरा. आगोट्या पेटवायला, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला, धूळ बसावी म्हणून रस्त्यावर शिंपायला, या सगळ्यांचं उत्तर हेच.

१४. एवढं करूनही अंगणात सांडलं. आता?

पाणी ओतू नका. पाण्याने तेल पसरतं आणि गटारातून थेट व्हाळाला (ओढ्याला) मिळतं. सुताराकडचा लाकडाचा भुसा, भाताचा तूस, नाहीतर कोरडी माती जाड थर करून टाका, पायाने रगडा, तासाभराने खराट्याने गोळा करा. काँक्रीटवर किंवा पेव्हरवर डाग राहिला तर भांड्यांचा साबण घट्ट लावून ब्रशने घासा आणि पुन्हा भुसा. रॉकेल-पेट्रोलने पुसू नका, ते तेलाला आणखी खोल नेतं आणि आगीचा धोका वेगळाच. साध्या मातीत सांडलं असेल तर काळी झालेली माती फावड्याने उचलून पिशवीत भरा. हा भुसा-मातीचा ऐवज पेटवायचा नाही, तो तेल-फिल्टरसोबतच (प्रश्न १२) द्यायचा.

१५. पावसाळ्यात करावं का?

छपराखाली असेल तर हरकत नाही. उघड्यावर नको. जूनच्या सरीत टबात पाणी पडलं की तेल वर तरंगतं, टब भरून वाहतो आणि सांडलेलं आवरता येत नाही. म्हणूनच मे महिन्यात उरकणारे शहाणे.

१६. न घालताच डिपस्टिकवर ऑइल वाढलंय. चांगलं की वाईट?

वाईट. दोन शक्यता आहेत. तेल पातळ आणि डिझेलचा वास येणारं असेल तर इंधन त्यात उतरतंय. डीपीएफ असलेल्या गाड्या सतत छोट्या फेऱ्यांवर असल्या की जाळी साफ करण्याचं चक्र अर्धवट तुटतं आणि असं होतं. तेल बदला आणि अधूनमधून हायवेवर सलग धावू द्या. तरी वाढलं तर इंजेक्टर दाखवा.

तेल दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं असेल तर त्यात पाणी आहे, गॅस्केटमधून कूलंट शिरलाय किंवा गाडी पुरात उभी होती. अशा गाडीला स्टार्टर मारू नका, ऑइल बदलून बघतो असंही नको. टो करून गॅरेजला न्या.

१७. गाडी वॉरंटीत आहे. घरी बदललं तर?

वॉरंटी संपेपर्यंत अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच करा. पुढे इंजिनाचं काही निघालं तर नोंदवलेल्या सर्व्हिसचा इतिहास मागतात, आणि घरच्या कामाची पावती दाखवून वाद घालत बसण्याइतका वेळ भाडं मारणाऱ्याकडे नसतो.

१८. मासळीची गाडी आहे. ड्रेन बोल्ट गंजून बसलाय, हलत नाही.

बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळत चेंबरवर येतं, म्हणून मालीम-कुटबण जेटींवरच्या गाड्यांत हे नेहमीचं. आदल्या दिवशी गोड्या पाण्याने खालची बाजू धुऊन वाळू द्या, तारेच्या ब्रशने बोल्टभोवतीचा गंज खरवडा, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी सहा कोनी गोटी पाना लावा. बारा कोनी पाना गंजलेल्या डोक्यावरून घसरतो. आधी किंचित आवळा, मग बोल्टच्या डोक्याकडे समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने सोडा. गॅसची ज्योत लावू नका, आत तेल आहे.

तरीही हलला नाही तर जोर करू नका. डिपस्टिकच्या नळीतून पंपाने तेल ओढून काढता येतं. तळाचा गाळ थोडा राहतो, पण एका वेळेपुरतं भागतं. पुढच्या खेपेपर्यंत नवा बोल्ट आणून ठेवा. चेंबरचा पत्रा बोटाने दाबल्यावर पापुद्रे सुटत असतील तर मात्र बोल्टचा नाद सोडा आणि चेंबर बदलायचा खर्च विचारून घ्या.